सुरात लावलेली पेटी

अण्णा, तुमची पेटी आता सुरात आहे. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही, आणि सांगणार तरी कशी. तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आतच ते घडलं. मीही ती मनातल्या मनात दाबून ठेवली होती. पण परवा संभाजीनगरहून एक मुलगी आली, आधुनिक संगीतकारांवर अभ्यास करणारी. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला सांगितलं होतं, की परळीत शाळेत गाणं शिकवणारे एक गुरुजी होते आणि त्यांनी पेटीसाठी कुणी केल्या नाहीत अशा रचना केल्या. ती तुम्हाला सारखी 'संगीतकार' म्हणत होती. आपल्या गल्लीत हा शब्द तुम्हाला कधी कुणी लावला नाही. मला आधी वाटलं, बाई घर चुकली.

तिला मी स्वयंपाकघरातला तुमचा कोपरा दाखवला. मला अजून दिसतं, तुम्ही चुलीजवळ पाट टाकून बसला आहात. पेटी उघडी, तिच्या पोटातल्या पितळी जिभल्या बाहेर काढलेल्या, आणि बारीक कानशीनं तुम्ही एकेक घासताय. घासलं की सूर हलतो, एवढंच मला कळतं. आई भाकरी थापता थापता म्हणते, "अवो, चांगली पेटी हाय ती. कावून तिचा जीव घेता?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "दोन पट्ट्यांच्या मधी लई जागा हाय. तिथं कोणच ऱ्हात न्हाई." तरुणपणी तुम्ही ख्याल शिकलात, त्यात तुमचं नाव झालं असतं असं लोक म्हणत. तुम्ही राग सोडलेत आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन बसलात. एकदा मी त्या पेटीवर शाळेची प्रार्थना वाजवून पाहिली तर ती तिरपी तिरपी आली. "बिघडली," मी म्हणाले. तुम्ही चिडलात. "पेटीला काय झालं न्हाई. तुझ्या कानाला आळस आलाय." ते मला तेव्हा लागलं, अजूनही लागतं.

मग गणपतीत मंडळानं तुम्हाला बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं, गुरुजी 'वाघीण' वाजवणार. कोळशाच्या मालगाडीचा डबा म्हणजे वाघीण, हे स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं; पण लेकरं डरकाळी ऐकायला पुढं येऊन बसली. वाघिणी धडकत, अडत रुळावर सरकतात तसे तुमचे सूर एकमेकांना घासत राहिले, आणि भात्यातली हवा संपत आली तसे खाली खाली बसत गेले. मला भीती वाटली, आणि लाजही. तुम्ही पट्ट्यांवरून हात काढलात. अध्यक्ष भला माणूस, तो हळूच वाकून म्हणाला, "गुरुजी, लागली का पेटी? मग होऊ द्या सुरू."

"झालं की," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर चारचौघांत तुम्ही कधी वाजवलं नाही. घरात मात्र रचना होत राहिल्या. 'राख', 'पाण्याची पाळी', 'दुपारची शिट्टी'. टेप करून ठेवा म्हटलं की म्हणायचात, लाइट कमीजास्त झाली की टेप हळू फिरते, सूर हलतो, खोटं कावून ठेवायचं.

वर्षश्राद्धाला भजन ठरलं तेव्हा दादानं पेटी दुरुस्तीला दिली. प्रेमानंच दिली. वडिलांची पेटी त्यांच्याच श्राद्धाला बेसूर वाजू नये, इतकंच त्याच्या मनात. पेटी पोचवायला कारागीर स्वतः आला, मोठ्या खुशीत. "लई बिघडली होती वो. एक बी सूर जाग्यावर न्हवता. समदे घासून सारखे केले." दादानं त्याला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं.

कागदांवर तुम्ही फक्त पट्ट्या लिहून ठेवल्यात: काळी दोन, पांढरी पाच. कुठल्या पट्टीतून काय निघायचं ते पेटीलाच ठाऊक होतं. त्या मुलीनं कागद समोर ठेवून 'वाघीण' वाजवली, आणि बालवाडीतल्या गाण्यासारखं काहीतरी निघालं. बिचारी पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, मग तिनं आपला माइक बंद केला. "तुम्हाला आठवतं का? नुसतं गुणगुणून दाखवाल?" मी तोंड उघडलं. काही आलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तुमचा एकही सूर आता कुठं उरलेला नाही, अण्णा, आणि शोधायला जागाही नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहवतंय. त्या मुलीला मी म्हटलं, आमच्या घरातून घात झाला, फार वाईट वाटतं. वाटतंच. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी भजनी मंडळींनी पेटी पुढं ओढून पहिला सूर धरला, तेव्हा आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता कशी गोड वाजती." माझं अख्खं लहानपण त्या पेटीशेजारी गेलं आणि तिच्याबरोबर मला कधी गाता आलं नव्हतं. त्या दिवशी मी गायले. सगळ्यांत मोठ्यानं मीच गात होते.