डाव्या खांद्यातला कापूस

जव्हार
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. भागीमावशीस,
माघीचा शि. सा. न. वि. वि.

रोहिदासच्या जीपने ही पिशवी येईल. आत एक काळा कोट आहे. फोन केला असता, पण रेंजसाठी तू टाकीवर चढणार आणि तिथे निम्मे पोशेरा गाव कान लावून उभे असणार. माझ्या अंगाच्या मापांची चर्चा टाकीवर नको.

कोट रंजनाबाईंचा. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षे वकिली शिकते आहे. नवा घेऊ नकोस म्हणाल्या आणि प्रेमाने हा दिला. पण बाई उंच, शिडशिडीत. मी ठेंगणी, आणि माझे खांदे तुला माहीतच आहेत. बटण लावले की श्वास अडतो, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात. सप्टेंबरात कोर्टात कागद द्यायला हात पुढे केला आणि काखेत टर्रकन उसवले. मागच्या बाकांवरचे हसले. बोलायचे होते ते सगळे विसरून मी खाली बसले. तेव्हापासून कोर्टात तोंड उघडलेले नाही.

आता १६ डिसेंबरला साखरशेतच्या नवशीची तारीख आहे. नवरा वारल्यापासून दिराने तिला तिच्याच शेतात पाऊल टाकू दिलेले नाही. नवशीने सांगून ठेवले आहे, की बोलेल तर माघीच, तिला आपली बोली कळते. बाईही म्हणाल्या, की या वेळी तूच उभी राहायचेस. मी पुन्हा खाली बसले तर ती बाई पुढच्या भाताच्या आवणीलाही बांधावरूनच शेत बघत बसेल.

इथला शिंपी म्हणाला, की खांदे पुरुषी आहेत, गड्याचा कोट घ्या. तो घालून पाहिला, गुडघ्यापर्यंत आला. मावशी, माझे खांदे लहान दिसतील असे काहीतरी कर. फक्त कोट कापू नकोस, बाईंचा आहे.

लोभ असावा, आणि तो या कोटासारखा काखेत उसवू नये.

तुझी,
माघी


पोशेरा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. माघीस,
भागीमावशीचे अ. उ. आ.

भात झोडून झाले, नागली अजून खळ्यावर आहे. कोट पोचला. तीन दिवस तो खुंटीवर टांगून मी नुसती बघत बसले. शेजारची मालू येऊन हात लावून गेली आणि विचारून गेली, की घरात कोणी वारले काय. मलाही प्रश्नच प्रश्न पडले आहेत. एवढ्या उन्हाच्या मुलखात काळा रंग कोणाला सुचला? गळ्यात तुम्ही त्या पांढऱ्या पट्ट्या बांधता, त्या दोन का, एक का नाही? आणि खिसा आतल्या बाजूला कशाला? साहेबांना दिसू नये असे तुम्ही त्यात काय ठेवता?

तू कापू नको म्हणालीस. उसवू नको असे कुठे म्हणालीस? मी अस्तर उसवले. आत काय आहे ते बघितल्याशिवाय माझा हात चालत नाही. आत खळीचे जाड कापड निघाले आणि खांद्यांत कापसाच्या गाद्या. गंमत अशी, की उजव्या खांद्यात एक गादी आहे आणि डाव्यात तीन. त्या हाताने टाचलेल्या, दुहेरी दोऱ्याने. हे टाके शिंप्याचे नाहीत, घरात बसून कोणा बाईने घातलेले आहेत. रंजनाबाईंचा डावा खांदा उतरता आहे काय? नीट बघ आणि कळव. मला झोप लागायची नाही.

माप दोऱ्याने पाठव, आकड्यांत मी चुकते. माप जिथे संपेल तिथे गाठ मार. पण उभी कशी राहशील ते ऐक. मी बायकांच्या ब्लाउजचे माप घेते तेव्हा त्यांना आधी आवणीत रोप लावल्यासारखे वाकायला लावते, मग डोक्यावर हंडा धरल्यासारखे हात वर करायला लावते. गप उभ्या राहिलेल्या बाईच्या मापाने शिवलेले कापड कामाच्या पहिल्याच दिवशी फाटते. तूही हात पुढे करून माप दे.

वेळेवर जेवत जा. माया पाठवते आहे, गाठ मारून ठेव.

तुझी मावशी,
भागी


जव्हार
१९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू चक्क अस्तरच उसवलेस! धन्य आहे तुझी! पण तुझा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. बाई कोर्टात उभ्या राहिल्या की अगदी ताठ, सरळ दिसतात. मला वाटायचे, वकिली अशाच अंगाला शोभते. परवा त्या कोट काढून कपाटात फाइल शोधत होत्या, तेव्हा मी पाहिले. डावा खांदा चांगला दोन बोटे खाली आहे. पदर त्याच खांद्यावर असतो म्हणून कधी लक्षात आले नव्हते. दोन वर्षे रोज समोर बसते, आणि पोशेऱ्यात बसून तुला दिसले ते मला दिसले नाही.

शेवटी मी त्यांना सांगून टाकले, की मावशीने अस्तर उसवले आहे आणि बाह्या कापल्याशिवाय कोट मला व्हायचा नाही. बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, की आत कापूस सापडला का. मी हो म्हटले. काप म्हणावे, एवढेच त्या म्हणाल्या आणि नवशीच्या कागदांकडे वळल्या. मला फार लाज वाटली. कशाची, ते मात्र सांगता येत नाही.

दोरा सोबत आहे. खोलीतल्या दिपिकाने माप घेतले.

माझ्यावर लोभ आहेच, तो आता कात्रीवरही ठेव.

तुझी,
माघी


पोशेरा
२६ नोव्हेंबर २०२४

चि. माघीस,
अ. उ. आ.

तुझा दोरा खोटे बोलतो. तुझे दहावीतले ब्लाउज माझ्या पेटीत आहे. त्याच्या पाठीपेक्षा तुझी गाठ दोन बोटे अलीकडे पडली आहे. वकील झाले की माणूस आटते काय? तू श्वास आत ओढून, खांदे मिटून उभी राहिलीस, शिंप्यासमोर राहिली असशील तशीच. अशी अंगचोरी करून माप देतात होय? कोर्टात खोटे बोलायचे नसते म्हणतेस, मग माझ्यासमोर का बोलतेस?

मी रागावले आहे, तर पुरते लिहिते. तुझी आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोन उन्हाळे सगळ्या घराचे पाणी तू वाहिलेस. हे खांदे तेव्हाचे आहेत. त्यांची तुला लाज वाटते, याचे मला वाईट वाटले. मी ते लहान करून देणार नाही.

नवा दोरा रोहिदासकडे लगेच दे. तोवर बाह्या कापते. त्यांचे उरलेले काळे कापड काखेत चौकोनी तुकडा करून जोडेन, आवणीच्या ब्लाउजांना जोडते तसे. कापूस सगळा काढला आहे, तुला उसन्या खांद्यांची गरज नाही. तो बाईंचा आहे म्हणून पुडीत बांधून ठेवला आहे. तुझा पांढरा ड्रेसही पाठव. बंद गळ्यात तुझी मान बुडते. गळा थोडा उतरवला की पट्ट्या नीट पडतील.

राग आज आहे, उद्या नसेल. मायेचे तसे नाही.

तुझी मावशी,
भागी


जव्हार
१७ डिसेंबर २०२४

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा दोरा मी श्वास सोडून, हात पुढे करून दिला होता. कोट शनिवारी आला. खरे सांगते, आरशात बघून मला रडू आले. ड्रेसचा गळा सुरेख झाला आहे, पण खांदे आहेत तेवढे दिसत होते. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघून दिपिका म्हणाली, की आता तू तुझ्या आईसारखी दिसतेस. मग मी तो काढला नाही.

काल नवशीचे प्रकरण पुकारले. मी उठले, सातबारा द्यायला हात पुढे केला आणि काखेतल्या आवाजाची वाट बघत राहिले. काही झाले नाही. साहेब माझ्याकडे बघत होते, तेव्हा आठवले की आता बोलायचे आहे. पहिले वाक्य मी दोनदा सुरू केले. साहेबांनी विचारले, की नवरा असताना शेतात कोण राबत होते. मी वळून नवशीला आपल्या बोलीत विचारले, तिचे उत्तर साहेबांना मराठीत सांगितले. दिराचे वकील दोनदा मध्ये उठले. मी बसले नाही. हुकूम आज दुपारी आला. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत दिराने तिला शेतात अडवायचे नाही. नवशीने माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवले. कोट फाटला नाही, मावशी!

तुझा दोन पट्ट्यांचा प्रश्न मी बाईंना विचारला. त्या तीस वर्षे बांधत आहेत, पण का ते त्यांनाही माहीत नाही. तुझ्या मावशीने वकील व्हायला हवे होते, म्हणाल्या.

मग त्यांनी अंगातला रोजचा कोट काढून माझ्या हातात दिला. तो या पिशवीत आहे. यातलाही कापूस काढायचा आहे, आणि पहिली पुडी परत नको असा निरोप आहे. बाईंचे माप मी स्वतः घेतले, त्यांना हात पुढे करायला, श्वास सोडायला लावून. दोरे दोन आहेत. तांबडा डाव्या खांद्याचा, पांढरा उजव्याचा. ते सारखे भरणार नाहीत. या वेळी दोरा खोटे बोलत नाही.

लोभ आहे, तो दोघींवर असू दे.

तुझी,
माघी