मेंढरांनी ओळखलेली हाक

गारखेडा, १२ जानेवारी २०२६

ती. बानाबाई आत्यास, तनुजाचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. अण्णांच्या दहाव्याला गावी ओढ्याकाठी झालं ते असं:

१. पिंडाला कावळा शिवेना.
२. मल्हारराव काका म्हणाले, पुंजारामचा जीव सिनेमात अडकलाय.
३. शिवमने अण्णांचा सिनेमातला तो गाजलेला प्रसंग मोबाइलवर लावला, स्पीकर जोडून. त्यात मुंबईतल्या वॉचमनच्या भूमिकेतले अण्णा मेंढरांची हाक देऊन टॅक्सी थांबवायला बघतात.
४. ओढ्यापलीकडे चरणारी तुमची मेंढरं धावत आली आणि पिंड खाऊन गेली.
५. लोक हसले. तुम्ही न जेवता घरी गेलात.

शिवम चुकला. भाऊ म्हणून त्याची बाजू घेत नाही, पण त्याला चेष्टा करायची नव्हती. २२ फेब्रुवारीला इथे अण्णांच्या आठवणींची सभा आहे. तोच प्रसंग पडद्यावर दाखवायचा ठरलाय. पहिल्या रांगेत अण्णांची बहीण हवी.

लोभ असावा, राग असला तर तोही कळवावा.

तुमची तनुजा

शेंद्रा, २० जानेवारी

चि. तनुजास, आत्याचा आशीर्वाद.

नात ज्ञानेश्वरीकडून लिहवून घेतेय. आकडे घालून लिहितीस, घरच्या माणसाला नोटीस आल्यागत वाटतं. सहावा आकडा मी सांगते. ती हाक माझी हाय. पुंजा लहानपणी माझ्यामागं मेंढरं राखायचा, तिथं शिकला. मग मुंबईला गेला, पिक्चरात तीच हाक दिली अन् सगळा मुलूख हसला. बाजारात पोरं माझ्यामागं तीच हाक द्यायची. मी ते पिक्चर कधी पाहिलं नाय. दहाव्याला पहिल्यांदा ऐकलं, अन् माझीच मेंढरं मला सोडून त्याच्याकडं पळाली.

माणूस वाईट नव्हता. गावी आला की आधी मेंढरांचे खूर बघायचा, मग आम्हाला राम राम. पण बहिणीचं हसं केलं त्यानं. सभेत ते लावणार असाल तर मी येत नाय.

शिवमला म्हणावं नीट जेव, लई वाळलाय. माया पातळ करू नको.

आत्या

गारखेडा, २ फेब्रुवारी

ती. आत्यास, नमस्कार.

सहावा मुद्दा मला माहीत नव्हता. आता सातवा.

अण्णा घरी कुणाला हसवायचे नाहीत. लग्नात लोक हाकेचा आग्रह धरायचे, तेव्हा म्हणायचे, इथं मेंढरं नायत, येणार कोण. आई सांगते, शूटिंगला दिग्दर्शकाने लोकांनी हसावं म्हणून हाक वाकडी करून मागितली होती. अण्णांनी नकार दिला, दिवसभर बाहेर बसून राहिले. शेवटी होती तशीच घेतली. ती ऐकून एकही टॅक्सी थांबत नाही, याला लोक हसतात, हाकेला नाही.

आईच्या सांगण्यावर जाऊ नका. मी कंपनीत मोटारींचे आवाज तपासते. आवाज जरा बिघडला की मला कळतो. तुमच्या मेंढरांचा कान माझ्याहून पक्का. टवाळी असती तर त्यांनी मान वर केली नसती. ती तुम्हाला सोडून पळाली नाहीत. त्यांना वाटलं, तुम्हीच बोलावताय.

प्रसंग दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर लागणार नाही. शिवमला तसं सांगितलंय. १५ फेब्रुवारीपर्यंत कळवा.

तनुजा