शाळेच्या भिंतीचा चुना

आये,

आज कशातच मन लागत नाही, म्हणून हात दुखत असले तरी तुला लिहायला बसले. तुला जाऊन चाळीसेक वर्षं झाली. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. मिठबावच्या खाडीवर हल्ली कुणी चुना भाजत नाही. आपली भट्टी होती तिथे माड उभे आहेत.

बाबा गेले तेव्हा भट्टी बंद कर, असं सगळ्यांनी तुला सांगितलं. तू ऐकलं नाहीस. ओहोटी लागली की चिखलात उतरून तू कालवांचे शिंपले टोपलीत भरायचीस. शिंपले आणि करवंट्या थरावर थर रचून भट्टी पेटवायची, मग भाजलेले शिंपले खड्ड्यात टाकून वर पाणी ओतायचं. पाणी खदखदायचं, वाफ तोंडावर यायची. तो चुना पंधरा दिवस भिजू द्यायचा आणि रोज ढवळायचा. गावातली चिऱ्याची घरं याच चुन्यावर उभी राहायची, गिलावाही त्याचाच. ढवळणं माझ्याकडे होतं. बोटांच्या भेगांत चुना जाई, जेवताना आमटीत हात घातला की डोळ्यांत पाणी येई. मी जामसंड्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, आणि दिवसभर बांबूने खड्डा ढवळते आहे, याची मला लाज वाटायची.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. गावाने शाळा बांधायला घेतली आणि चुना तू देणार असं ठरलं. त्याच दिवसांत बांद्याला मामा वारला आणि तू तिकडे गेलीस. जाताना एवढंच म्हणालीस की मी येईपर्यंत खड्ड्याला हात लावू देऊ नकोस. चुना भिजवून चारच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी म्हातारे मिस्त्री दारात आले. माणसं हात बांधून बसली आहेत, चुना झाला का, असं त्यांनी विचारलं. मी खड्ड्याकडे पाहिलं. अजून दहा दिवस ढवळायचं होतं.

"झालो," मी म्हटलं. "न्हेवा."

संध्याकाळपर्यंत खड्डा रिकामा झाला. किती हलकं वाटलं मला! तू परत आलीस, रिकामा खड्डा पाहिलास आणि बांबू उचलून भिंतीला टेकवून ठेवलास. महिन्याभरात शाळेच्या भिंतीवर फोड आले. न भिजलेले कण आत फुगत होते, गिलाव्याचे पोपडे जमिनीवर पडत होते. गावातल्या पुढाऱ्यांनी तुला देवळापाशी बोलावलं. बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं एकजण तुझ्या तोंडावर म्हणाला. मी तुझ्या मागे उभी आहे. मिस्त्री माझ्याकडे बघतायत. मी खाली बघते आहे.

"चूक माझी," तू म्हणालीस. "चुनो भिजाक दिवस कमी पडले. भिंत मी परत करून दितंय."

घरी येताना वाटेत तू थांबलीस. रागावली नव्हतीस, दमली होतीस. "तुका कट्टाळो इलो हुतो, माका म्हायत आसा," म्हणालीस. "ह्या काम तुझा न्हय गो. तू शिकाक जा. मास्तरीण हो."

भिंत खरवडायची, नवी भट्टी लावायची, सगळं तू भर वैशाखात एकटीने केलंस. त्याच घाईत पाणी ओतताना उकळता चुना तुझ्या डाव्या डोळ्यात उडाला. खोबरेल घातलं, डॉक्टर केले, पण डोळा पांढरा पडला तो पडलाच. जून महिन्यात तू मला ट्रेनिंगला पाठवलंस. एस्टीत मला बसवताना मान पूर्ण वळवून पाहत होतीस, कारण त्या बाजूचं तुला दिसत नव्हतं.

मी मास्तरीण झाले. शेवटची बारा वर्षं त्याच शाळेत काढली. तू केलेली भिंत अजून गुळगुळीत आहे. मुलांना मी सांगायची, ही माझ्या आईने केली. ती दोनदा का करावी लागली, ते कधी सांगितलं नाही. तुझी माफीही मागितली नाही. तू कधी विषय काढला नाहीस, आणि मला ते सोयीचं पडलं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी एका म्हाताऱ्या पुढाऱ्याने भाषणात तुझी आठवण काढली. बाईंच्या आईने आमच्या शाळेला कच्चा चुना घातला होता, पण मुलगी मात्र पक्की निघाली, असं तो म्हणाला. सगळे हसले. आये, मीपण हसले.