पाणी मारल्याबद्दल

बारामती,
बुधवार, दि. १२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय अप्पांना सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही भिगवणला आत्याकडे जाऊन बसलात, फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून स्वतः वाचा, आत्याला वाचायला देऊ नका.

मला तुमचा राग आलाय. रविवारी आला नव्हता एवढा आज आलाय.

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला मी दहादा बजावलं होतं की मिलिंग मशीनचा हा बेड, म्हणजे मशीनची खालची जड बैठक, सिमेंटचा नाही. खडी, वाळू आणि त्यांना चिकटवून धरणारं इपॉक्सी. पाणी लागलं की वाटोळं. वाळूसुद्धा आपण दोघांनी पत्र्यावर भाजून कोरडी केली. आणि रविवारी मी जेवून येते तर साच्यावर ओलं गोणपाट, तुम्ही बादली घेऊन उभे!

मदतीला आलेला विकी होता, शेडवाले संभाजीकाका होते. सगळ्यांदेखत मी ओरडले, "घराचा स्लॅब आहे का हा? कळत नाही तर हात कशाला लावता?"

तुम्ही खाली बघत म्हणालात, "सवय हाय हाताला. चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरलीत.

आज दुपारी मी तडा गेलेला तो बेड घणानं फोडला. पाण्यानं वरचा नखाएवढा थर पांढरा पडलाय, तेवढा घासून गेला असता. तडा आतून आलाय अप्पा. मधला गाभा पिवळा, करपलेला.

माल ठोकत बसायचा कंटाळा, म्हणून इपॉक्सी मीच जास्त ओतलं. ते घट्ट करणारा हार्डनरही झटपट सुकणारा घेतला; जाड थरात असा माल सुकताना इतका तापतो की आतून भाजून निघतो. एवढ्या जाड कामाला हळू सुकणारा घ्या, असं दुकानदार सांगत होता. तुम्हीही म्हणालात, "पोरी, माल पातळ झालाय. घट्ट ठेव, ठोकून बसव." मी हसले. जेवताना तुमचे दोन फोन आले, ते मी कापले.

साच्याच्या फळ्या तापल्या होत्या ना? तुम्ही हात लावून बघितलं असणार. सवय कसली हो! थंड करत होतात तुम्ही. आणि चारचौघांत लेकीची चूक दिसू नये म्हणून स्वतःवर घेतलंत. कुणी सांगितलं होतं? हाताखालच्या मिस्त्रीला झापायचात तसं मला तिथंच का नाही झापलंत? मी काय पाहुणी आहे?

विकीला आणि काकांना आज सगळं सांगितलं. काकांनी फुटलेला तुकडा उचलून बघितला. विकी उठून बाहेर गेला.

येत्या रविवारी पुन्हा ओतायचंय. हळू सुकणारा हार्डनर आणलाय, वाळू पुन्हा भाजून ठेवलीये. माल किती घट्ट ते तुम्ही सांगायचं, ठोकणार मी. तुम्ही आल्याशिवाय इपॉक्सीचा डबा उघडणार नाही. विकी आणि काकांनाही बोलावलंय. आधी त्यांच्यासमोर मला झापा, मग कामाला लागू.

तुमचे दोन फोन कापणारी,
मेघना