चाकावर तेल कोण ओततं?

४ नोव्हेंबर १९६२, रविवार

ही डायरी ज्येष्ठात महाडच्या बाजारात घेतली. आता कार्तिक. मध्ये काही लिहिलं नाही, पण ते आळसाने नव्हे. आधी पेन्सिल नव्हती. पेन्सिल मिळाली तर तिला टोक नव्हतं. टोक केलं तर दिवाळी आली. शिवाय लिहिण्यासारखं घडतही नव्हतं. आता घडतंय. उद्या कुणी माझ्यावर आळ घेतला तर लेखी पुरावा हवा. आजपासून रोज लिहिणार.

आजचा पुरावा: ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांना आतल्या अंगाने तेलाचे ओघळ. काल संध्याकाळी मी स्वतः फडक्याने पुसून लख्ख केलं होतं. म्हणजे हे काम रात्रीचं. म्हणजे माणसाचं.

मालकांनी (मालोजीराव) विचारलं, "तेल कुठनं येतं रे, चांगू?" मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

५ नोव्हेंबर

संशयित नंबर एक: भागोजीदादा, बैलांचा गडी. मालकांनी हा ट्रॅक्टर फलटणकडून जुनाच आणला, पण तो नीट चालला तर बैलजोडी विकायची असं त्यांनी बोलून दाखवलंय. बैल गेले तर भागोजीदादा कुणाच्या शेपट्या पिळणार? म्हणजे कारण आहे. गाडीच्या चाकाला घालायची तेलाची बुधली त्याच्याजवळ असते. म्हणजे हत्यारही आहे.

आज तो गोठ्यापाशी उभा राहून तंबाखू मळत मला म्हणाला, "माझा बैल मुततो तो निदान एका जागी. तुझा दोन्ही अंगांनी गळतो रं."

गळतो हा शब्द त्याला कसा सुचला? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. (फक्त मालकांना, वहिनींना आणि पाणवठ्यावर सांगितलं होतं.)

६ नोव्हेंबर

काल निजण्यापूर्वी ट्रॅक्टरभोवती चुलीतली राख पसरून ठेवली. सकाळी ठसे पाहिले. माझे स्वतःचे, आणि कोंबडीचे. चाकावर तेल होतंच.

भागोजीदादा वाटतो त्यापेक्षा हुशार आहे.

वहिनी (मालकीणबाई, साळूबाई) म्हणाल्या, "भांडी घासायची सगळी राख नेलीस, आता माझी भांडी तू घास." घासली. तपासात असं व्हायचंच.

७ नोव्हेंबर

मालक आज स्पष्ट बोलले. बावीस तारखेला भाताची पोती ट्रॉलीत भरून गिरणीवर न्यायची. वाटेत उतार आहे. तिथे ब्रेक लागले तर ड्रायव्हर म्हणून मी कायम: पगार, खाकी कपडे आणि शेडला लागून असलेली खोली. नाही लागले तर, "तू तुझ्या वाटेने, मी माझ्या."

ही खोली मला हवीच आहे. सध्या तिच्यात झोपतोच, पण उसनी. आजवर धर्मशाळा, मचव्याची पुढची नाळ, मुंबईत दुकानाची फळी, देवळाची ओसरी अशा पुष्कळ ठिकाणी झोपलो. आतून कडी लावता येईल असं दार मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय. माझ्यासारख्या सावध माणसाला कडी म्हणजे काय ते इतरांना कळणार नाही.

मालकांना मी मुंबईच्या गॅरेजचा अनुभव सांगितलाय, तो खोटा नाही. मी होतो ते चहाचं दुकान गॅरेजच्या बरोब्बर समोर होतं. सगळं दिसायचं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

निश्चय: शत्रूचा बंदोबस्त करीत असतानाच दुरुस्तीही करून टाकायची. म्हणजे भागोजीदादाला तोंड उरणार नाही. एष्टीने महाड. मुरारीशेटच्या दुकानात मागच्या एक्सलची दोन सीलं घेतली. सील म्हणजे रबराची जाड बांगडी. आस जिथून चाकात शिरतो तिथे ती बसवायची, म्हणजे आतलं तेल बाहेर ब्रेकवर येत नाही. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूला रबराचा ओठ आणि बारीक स्प्रिंग.

मुरारीशेट न विचारताच शिकवायला लागला. म्हणे, "स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. उलटं बसवलंस तर फुकट. आणि वरचं वाफ जायचं भोक मोकळं ठेव."

दुकानदार इतका कळवळ्याने का सांगतो? सरळ आहे. तो सांगतो तसं बसवलं की सील जाणार, मग दुसरं घ्यायला मी पुन्हा त्याच्याच दारात.

हॉटेलात रेडिओभोवती ही गर्दी. सरहद्दीच्या बातम्या. एक पंचा नेसलेला म्हातारा म्हणाला, "शत्रू काय, बाहेरूनच येतो." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. सील कसं बसवायचं ते मला तिथेच कळलं.

११ नोव्हेंबर

परवाच परतणार होतो. पण महाडला आलोच आहे तर सवच्या गरम कुंडांवर जावं असं वाटलं. मेकॅनिकचे हात मोकळे हवेत. पाणी छान. एकाने तिथे सांगितलं की रायगडावर एक साधू आलाय. जाणार होतो, पण पाय निघेना, पुन्हा कुंडात बसलो. तिथे एक गृहस्थ माझ्या पिशवीकडे सारखा बघत होता. सीलं लंगोटीत बांधून आंघोळ केली. गरम पाण्याने रबर थोडं फुगलं असेल तर चांगलंच, घट्ट बसेल.

१२ नोव्हेंबर

मालक म्हणाले, "सीलं महाडास होती की दिल्लीस?" मी म्हणालो, माल पारखून घ्यावा लागतो.

जॅक लावला, चाकं काढली, ड्रम काढले. ब्रेकच्या पट्ट्या तेलात तळलेल्या. जुनी सीलं उपटली. नवी ठोकली, स्प्रिंगची बाजू बाहेर. मुरारीशेटने सांगितलं त्याच्या बरोबर उलट. धूळ, पाणी, भागोजीदादा, जे काही येणार ते बाहेरूनच. ओठ शत्रूकडे पाहिजे, तेलाकडे कशाला? तेल आपलंच आहे.

मन शांत आहे.

१३ नोव्हेंबर

एक्सलच्या वर टोपीखाली ते भोक सापडलं. अगदी उघडं! कुणीही यावं आणि आत काहीही टाकावं. मी बाणकोटच्या खाडीत एक हंगाम मचव्यावर काढलाय. तिथे फट दिसली की कापूस ठोकायचा, वर राळ ओतायची, मग समुद्राच्या बापालाही आत यायला मिळत नाही. तेच केलं. कापूस वहिनींच्या वातींचा.

वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, "अरे, टोपाच्या झाकणावर पाटा ठेवलास तर पेज उतू जाईल का नाय?" वहिनींना यंत्र म्हणजे चूल वाटते. त्यांना मचव्याची गोष्ट सांगितली. ऐकत होत्या, मधेच उठून गेल्या.

१५ नोव्हेंबर

शेतातून दोन खेपा केल्या. तेल आता ओघळत नाही, वाहतं. डावीकडून जास्त.

माझी सीलं नवी, भोक बंद. आतून येणं शक्यच नाही. म्हणजे भागोजीदादाने आता दिवसाढवळ्या सुरुवात केली. तेल कमी पडू नये म्हणून मी आत भरपूर ओतून ठेवलं, अगदी गळ्यापर्यंत. त्याने एक बुधली ओतली तर आपण दोन ओतू.

भागोजीदादाला सरळ विचारलं. तो इतका हसला की तंबाखू घशात गेली. बैलसुद्धा वळून बघायला लागले. खोटं हसणारा माणूस इतका खोकत नाही, हे कबूल. पण सराव असेल तर?

१७ नोव्हेंबर

यश!! सकाळी चाकं कोरडी. ओघळ नाही, थेंब नाही. मालकांना हाताला धरून नेऊन दाखवलं. सीलं आता मुरली असावीत, लोणच्यासारखं त्यांनाही चार दिवस लागतात.

त्याच दिवशी, दुपारी

भागोजीदादाने तेल भरायच्या भोकातून काडी आत घालून वर काढली. कोरडी. म्हणाला, "गळंल कसं? आत हाय काय गळायला?"

त्याला काडी घालायला कुणी सांगितली? नोंद करून ठेवली. पुन्हा तेल भरलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

पोलादपूरहून आलेल्या कंडक्टरने सांगितलं, सरहद्दीवर लढाई थांबली म्हणे. इथली चालू आहे.

उद्या गिरणी. ब्रेकच्या पट्ट्यांवर राख आणि भुसा चोळून ठेवलाय, म्हणजे धरतील. वास्तविक खोलून सीलं उलटी करून बघावीत असं एकदा मनात येऊन गेलं. पण मग मुरारीशेट जिंकल्यासारखं होईल. शिवाय रात्री पाहुणे येणार म्हणून वहिनींनी मला वड्यांचं पीठ दळायला बसवलं, मग राहून गेलं.

२२ नोव्हेंबर

शांतपणे लिहितो. गैरसमज होऊ नयेत.

निघालो. मालक ट्रॉलीत पोत्यांवर बसले होते. उतार सुरू झाल्यावर मी ब्रेक दाबले. ब्रेक लागले. चाकं थांबली नाहीत, एवढंच. पुन्हा दाबले. मागून मालकांचा आवाज आला, "चांगू! चांगू!" मग नुसता आवाज, नाव नाही. वळणावर मी ट्रॅक्टर मुद्दाम रस्ता सोडून बांधावरून खालच्या कापलेल्या शेतात घेतला, कारण समोरून एष्टी येत होती.

कुणाला लागलं नाही. पोती फुटली, भात शेतभर. मालक भातातच बसले होते. म्हणाले, "एष्टी कुठाय?" मी म्हणालो, यायची होती.

बैलजोडी आणून भागोजीदादाने ट्रॅक्टर वर काढला. सगळी वाडी बघायला. बैलांच्या शिंगांना कुणीतरी गोंडे बांधले. भागोजीदादाने माझ्यापुढे तंबाखू केली. मी घेतली नाही. काय मिसळलं असेल सांगता येत नाही.

२३ नोव्हेंबर

मालक काही बोलत नाहीत. रागावले असते तर बोलले असते. मी प्रसंगावधान राखलं, ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं.

२४ नोव्हेंबर

मालक पहाटेच्या एष्टीने घाट चढून वाईकडे गेले आणि संध्याकाळी परत आले. बहुधा चांगल्या प्रतीची सीलं बघायला. म्हणजे मालकांचाही मुरारीशेटवरचा विश्वास उडाला. मी एकटा नाही. वहिनींनी मला जेवताना भाकरीवर तूप वाढलं, न मागता. एरवी तूप मागूनही मिळत नाही. सगळं जुळत चाललंय.

२५ नोव्हेंबर, रविवार, दुपार

आता लिहायला हरकत नाही. जिंकलो.

वहिनींनी सकाळी माझी खोली सारवून घेतली. भिंतीला चुना. खिडकीला नवा खिळा. शिंप्याकडून खाकी कपडे आले, त्याचा गडी घडी घालून खोलीतच ठेवून गेला. माझं माप कुणी घेतलं नव्हतं, मालकांनी नजरेनेच ओळखलेलं दिसतं. घालून पाहिले. पोटाला बरेच ढगळ आहेत, बाह्या बोटांच्या खाली जातात. पुढचा विचार करून शिवलेत. परत घडी करून ठेवले, उद्या सोमवारपासून घालीन. सोमवार चांगला.

निश्चय: भागोजीदादाला माफ करायचं. पण नजर ठेवायची.

संध्याकाळ

एष्टी थांबली आणि तिच्यातून एक माणूस उतरला. हैबती नावाचा, वाईकडचा, पोटाने चांगला भरलेला. हातात पत्र्याची पेटी, ठेवली तेव्हा आत पान्हे वाजले. मागे बायको आनंदीबाई, डोक्यावर भांड्यांचं बोचकं. मालक स्वतः सामोरे गेले. मला लगेच उमजलं: माझ्या हाताखाली माणूस दिला. आधी सांगायला हवं होतं, पण मोठी माणसं कामात असतात. हैबतीने माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "तुम्ही इथले का?" मी हो म्हणालो.

आनंदीबाई सरळ खोलीत गेल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि दारात येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, कोपऱ्यात कुणाची तरी वळकटी राहिलीय बघा. तेवढी बाहेर घ्या की."

घेतली. तिच्यावरच बसून हे लिहितो आहे.