टाकीचे सांधे शाबूत होते

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिडं शिवण्याचा, अविवाहित, आज डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वखुशीने हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जिभेचा दाखला द्यायला ते तयार नाहीत. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

१. राहत्या दोन खोल्या, शिवणयंत्र, सुया, मेण लावलेला दोरा आणि उरलंसुरलं कापड माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला खपणार नाही, मी असो वा नसो.

२. शिडाची होडीही तिलाच. होडीतल्या संडासाचा मैला साठवायची नवी प्लास्टिकची टाकी परवा तिनेच माझ्याबरोबर बसवली, तीही नाकाला रुमाल न लावता. अटी अशा: टाकी रिकामी केली की दर वेळी गोड्या पाण्याने दोनदा धुवावी. ॲसिड ओतू नये. हवेची नळी तुंबू देऊ नये, नाहीतर वास आतच कोंडतो. बाकीच्या नळ्यांवरून गरम ओलं फडकं फिरवून ते हुंगावं; घाण वास आला तर नळी लगेच बदलावी, उद्यावर ढकलू नये.

३. शेजारच्या होडीचे मालक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात आणि जे बंदराच्या तोंडापलीकडे कधी गेलेले नाहीत, त्यांना भोकं बुजवायच्या लांबीचा अर्धा डबा परत करावा. कारण पुढे येईल.

४. जुनी स्टीलची टाकी माझ्या धाकट्या भावाला द्यावी. याचा खुलासा करणं भाग आहे.

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याला मी लहानाचा मोठा केला. पुढे तो वेल्डर झाला, धक्क्यावर नाव काढलं. माझी टाकी त्यानेच जोडली आणि जाताना म्हणाला, "ताई, काटा बिघडला तर पातळी लाकडी काठीने बघ. सळई घालू नकोस, तळाला खळगे पडतील." मी म्हटलं, "मला शिकवतोस? तुझं नाक पुसलंय मी."

पातळी दाखवणारा काटा पहिल्याच वर्षी बिघडला. मैल्यात कोणता काटा टिकतो? मग मी रोज सकाळी डेकवरचं झाकण उघडून लोखंडी सळई आत सोडायचे. तळाला लागली की टण्‌ वाजायचं. मला तो आवाज आवडायचा.

सहाव्या वर्षी टाकी गळली. कॅप्टन म्हणाले, "वेल्डिंगच कच्चं आहे." मला तेच सोयीचं वाटलं. भर धक्क्यावर, दहा माणसांदेखत मी धाकट्याला म्हटलं, "तुझ्या हातात कामच नाही." कॅप्टनांनी दिलेली लांबी मी तळाखाली हात पोचेल तिथवर थापली आणि गळती थांबली. होडीवाल्यांनी मात्र त्याला काम देणं बंद केलं. सख्खी बहीणच असं म्हणते म्हटल्यावर कोण देणार? गेली अकरा वर्षं तो शाळांची बाकं जोडतो. माझ्या दारात आलेला नाही; मुलीला मात्र त्याने कधी अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात टाकी पुन्हा गळू लागली, म्हणून होडीतल्या बिछान्याखालची फळी कापून ती बाहेर काढली. धुऊन उन्हात पालथी घातली, लांबी खरवडली. सगळे सांधे सरळ, एकसारखे, कुठे केसभर फट नाही. भोक होतं तळाच्या मधोमध, मसुरीएवढं, बरोबर डेकवरच्या झाकणाखाली. आत बॅटरी मारली तर भोवती सळईचे खळगे. माझ्या सळईचे. माझी मलाच लाज वाटली. भाचीने सगळं पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

सबब माझ्या मृत्यूनंतर ही टाकी त्याला द्यावी, आणि चूक माझी होती हे धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी:

वरील मजकूर साक्षीसाठी धक्क्याच्या रखवालदाराला वाचून दाखवला. तो सही करेना. म्हणाला, "बाई, मेल्यावर तोंड उघडणार होय? तो दोन गल्ल्या सोडून तर राहतो. आधी त्याला सांगा, मग करतो सही." मी त्याला आगाऊ म्हटलं. तो पेन खिशात घालून बाकावर बसून राहिला. शेवटी भाचीला पाठवलं.

धाकटा आला. केस पार पिकलेत त्याचे. मी सगळ्यांदेखत, कॅप्टनांदेखतही, सांगितलं, "चूक माझी होती. तुझं काम चोख होतं." तो टाकीपाशी उकिडवा बसला आणि सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "लाकडाची काठी घे म्हटलं होतं, ताई."

"हो रे बाबा."

"आणि नव्या टाकीत काय घालतेस?"

सळई डेकवरच पडली होती.

सबब कलम चार रद्द. टाकी धाकटा घेऊन गेला, सळईसुद्धा. कलम तीन कायम. लाकडी काठी तासून उद्या सकाळी घेऊन येतो म्हणालाय. ती माझ्यामागे भाचीला द्यावी.

ठिकाण: होडीच्या डेकवर
दिनांक: नवी टाकी बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवार
सही: शिडं शिवणारी, धाकट्याची ताई
साक्षीदार पहिला: दवाखान्याचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: धक्क्याचा रखवालदार (आता केली सही)