लदेणीचा नियम

साखऱ्याचा तांडा,
१० फेब्रुवारी २००६

प्रिय शिवकन्याच्या बाबांना,

अकरावी शिकूनही तुमचं नाव घालून लिहायला हात अडतो, म्हणून लेकीला पुढं केलं. ती चालायला लागली. तुमचा फोटो दाखवला की तुमच्यामागं उभ्या डंपरला बोट लावून ‘बाबा’ म्हणते. तिचं तरी काय चुकलं? तूर घरात आली, हरभऱ्याला घाटे धरलेत.

तांड्यात तुम्ही मोठे माणूस झालात. मिलिटरीतून आलेले गुलाबसिंगकाका तुम्ही बांधताय तो अफगाणिस्तानातला रस्ता रोज मातीत काडीनं काढून दाखवतात. इकडं इराणचं बंदर, तिकडून तुमचा रस्ता, आणि आपला माल पाकिस्तानच्या दारात न जाता पार वर पोचणार. म्हणून पाकिस्तान चिडलंय, शेजारीच चीन दुसरं बंदर बांधतोय आणि अमेरिका बंदूक घेऊन मधोमध बसलीय. परवा म्हणाले, या डावात देविदास आपला मोहरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाणी घेऊन चालले होते, घागर खाली ठेवली आणि म्हणाले, खेळणाऱ्यांनी आपापली लेकरं मांडावीत पटावर. तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही.

तुमच्या मागच्याच गाडीचा ड्रायव्हर अतिरेक्यांनी उचलून नेला, हे मला टीव्हीवरून कळलं. रविवारी एसटीडीवर फोन केलात, तेव्हा मामंजींना सांगितलंत की सगळं बराबर आहे आणि अजून एक वर्ष राहतो. ते हो म्हणाले. मी बूथच्या दाराशीच उभी होते, मला बोलावलं नाहीत. याचा राग आला आणि अजून गेलेला नाही.

घरी येऊन मी मामंजींना ड्रायव्हरचं सांगितलं. ते जुन्या लदेणीचं बोलायला लागले. आपले पूर्वज बैलांवर धान्य लादून निजामाच्या फौजेलाही पोचवायचे आणि पेशव्यांच्याही. दोन्हीकडचे वाट द्यायचे. मला वाटायचं, धान्याची गरज होती म्हणून. मामंजी म्हणाले, “लदेणीत बाया-लेकरं संग असायची. लेकरं घेऊन कुणी लढाया येत न्हाई, हे दोन्ही फौजांना कळायचं. जिथं बाई नेता येत न्हाई, तिथं माल न्यायचा न्हाई.” तुमच्या गाड्यांच्या तर पुढं पहाऱ्याचे बंदूकवाले, मागं बंदूकवाले. याला लदेणी कोण म्हणेल?

काल तुमच्या कंपनीचा माणूस हिंगोलीत आला होता. त्या घटनेनंतर घरच्यांनी होकार दिल्याशिवाय वर्ष वाढवत नाहीत. मी शिवकन्याला कडेवर घेऊन मामंजींबरोबर गेले आणि म्हणाले, होकार आहे, पण आम्हालाही तिकडं न्या. तो हसला. म्हणाला, बाई, तिथं लढाई चालू आहे. मी म्हणाले, मग त्यांनाही तिथं ठेवू नका. त्यानं मामंजींकडं पाहिलं, घरातला कर्ता माणूस काय म्हणतो म्हणून. मामंजी उठून उभे राहिले. “तांड्याचा नायक मी हाय,” म्हणाले, “अन् ही म्हणती तेच माझं.” तर तुमचं पुढचं वर्ष वाढवायला मी नकार देऊन आले आहे, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. चिडाल, ते मला माहीत आहे. फोनवर चिडू नका. होळीला घरी या, माझ्यासमोर उभे राहा आणि मग काय बोलायचं ते बोला.

तुमचीच, पण मागं न राहणारी,
शिला